मार्च एन्डला सर्व्हर अडकला : एका पतसंस्थेतलं थ्रॅशिंगचं प्रकरण

संस्थेचं नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. बाकी घडलं तसंच लिहिलंय. सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी आणि विशेषतः छोट्या संस्थांना सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी वाचावं म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावची पतसंस्था, हेड ऑफिस आणि दहा-बारा शाखा. सगळ्या शाखा ब्राउझरमधून हेड ऑफिसच्या एकाच सर्व्हरवर काम करायच्या. सर्व्हर म्हणजे चेअरमनच्या केबिनमागच्या खोलीत ठेवलेला एक टॉवर, त्यात ८ जीबी रॅम, ७२०० आरपीएमची साधी साटा हार्डडिस्क आणि त्याच डिस्कवर ८ जीबी स्वॅप, म्हणजे रॅम अपुरी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा. त्यावर लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टीम), अपाची (वेब सर्व्हर), पीएचपी (प्रोग्रॅमची भाषा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस), सगळं एकाच मशीनवर. यात नावं ठेवण्यासारखं काही नाही, अशा शेकडो संस्था चालतात.

मायएसक्यूएलचा बफर पूल, म्हणजे डेटा रॅममधे धरून ठेवायची जागा, ४ जीबी ठेवलेला, म्हणजे तो प्रोसेस एकूण साडेचार जीबीच्या आसपास. अपाचीला एका वेळी जास्तीत जास्त ६० वर्कर (एकेक विनंती हाताळणारे प्रोसेस) अशी मर्यादा. साधं पोस्टिंग करणारा, पासबुक छापणारा एक वर्कर साधारण ४० एमबी खायचा. रोजच्या दिवशी ३०-४० वर्करच्या वर गरज पडायची नाही आणि हे सगळं ८ जीबीत बसायचं. ओढूनताणून, पण बसायचं.

रिपोर्टची गोष्ट वेगळी. तेरीज, ताळेबंद, व्याज आकारणी, एनपीए (थकीत कर्ज) तरतुदीची यादी हे रिपोर्ट लिहिणाऱ्याने वर्षभराच्या सगळ्या नोंदी आधी एका अ‍ॅरेमधे भरून घ्यायच्या आणि मग बेरजा मारायच्या असं केलेलं. मागे कधीतरी मेमरी कमी पडल्याची एरर आली तेव्हा पीएचपीची मेमरी लिमिट १२८ वरून ५१२ एमबी करून टाकली, एरर गेली, विषय संपला. एक रिपोर्ट चालताना ४०० एमबीच्या आसपास घ्यायचा. वर्षभर कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं कारण एका वेळी एखादीच शाखा तो काढायची.

अडचण

३१ मार्च. कर्जवसुलीची गर्दी, काउंटरवर लोकं उभी, आणि चारच्या सुमारास सगळ्या शाखांनी तेरीज जुळते का बघायला सुरुवात केली. दहा शाखांचे दहा रिपोर्ट म्हणजे ४ जीबी, पन्नास साधे वर्कर म्हणजे २ जीबी, मायएसक्यूएल आणि ऑपरेटिंग सिस्टीम मिळून ५ जीबी. ८ जीबीच्या मशीनवर ११ जीबीचं काम.

आता इथे ऑपरेटिंग सिस्टीम काय करते? तिने प्रत्येक प्रोग्रॅमला मागितली तेवढी मेमरी कबूल केलेली असते पण ती प्रत्यक्षात ४ केबीच्या पानांनी, लागेल तशी देते. रॅम भरली की जी पानं बराच वेळ कोणी वापरली नाहीत ती डिस्कवर स्वॅपमधे टाकते आणि जागा करते. ती पानं खरंच पडून असतील तर कोणाला काही कळतही नाही. गडबड तेव्हा होते जेव्हा पडून असलेलं पानच उरत नाही, प्रत्येक प्रोग्रॅमला आपलं पान आत्ता हवंय, म्हणजे एकाचं आणायला दुसऱ्याचं हाकलायचं आणि पुढच्या क्षणी त्या दुसऱ्याला तेच परत हवं. टेबलावर चारच वह्या मावतात आणि हिशोबाला सहा लागतात, अशा वेळी कारकून दिवसभर रेकॉर्ड रूमच्या चकरा मारतो आणि हिशोब मात्र एक ओळ पुढे सरकत नाही, तसं. यालाच थ्रॅशिंग म्हणतात.

किती हळू, तर रॅममधून काही वाचायला शंभर नॅनोसेकंदाच्या आसपास लागतात आणि फिरत्या डिस्कवरून दहा मिलिसेकंद. एक लाख पट. अशी डिस्क सेकंदाला शंभरेक इकडच्या-तिकडच्या जागा वाचू शकते, म्हणजे सुटी सुटी पानं आणायची तर सेकंदाला जेमतेम ४०० केबी. लिनक्स आजूबाजूची पानं सोबत उचलतो म्हणून थोडं बरं, पण तरी जीबीच्या हिशोबात हे काहीच नाही. त्यात मायएसक्यूएलचा डेटा पण त्याच डिस्कवर.

पहिला निर्णय, आणि इथेच घोटाळा झाला

सॉफ्टवेअर कंपनीचा एक मुलगा मार्च एन्डसाठी हेड ऑफिसला बसवलेला होता. हुशार मुलगा. शाखांचे फोन सुरू झाल्यावर त्याने लॅपटॉपवरून सर्व्हरला एसएसएच (नेटवर्कवरून लॉगिन) केलं आणि दोन गोष्टी बघितल्या. टॉप या कमांडमधे प्रोग्रॅम्सचा सीपीयू वापर चार-पाच टक्के. आणि अपाचीच्या एरर लॉगमधे ओळ, की वर्करची मर्यादा गाठली गेली आहे, ती वाढवण्याचा विचार करा. हा संदेश अपाची खरोखर असाच देतो, सल्ल्यासकट.

आता त्याच्या जागी बसून बघा. सीपीयू रिकामा, लोकं रांगेत, आणि सॉफ्टवेअर स्वतः सांगतंय मर्यादा वाढव. त्याने ६० चे १५० केले आणि अपाची ग्रेसफुल, म्हणजे चालू कामं न तोडता, रीलोड केला. पंधरा मिनिटात सर्व्हर पूर्ण गार.

मला यात त्या मुलाचा दोष फारसा वाटत नाही, कारण हीच चूक १९६० च्या दशकात खुद्द ऑपरेटिंग सिस्टीम करायच्या. तेव्हाची मोठी मशीन्स सीपीयू रिकामा दिसला की रांगेतला अजून एक जॉब आत घ्यायची. पण सीपीयू रिकामा असायचा तो काम नाही म्हणून नाही, सगळे जॉब डिस्कवरून पान यायची वाट बघत बसलेत म्हणून. अजून एक जॉब आत आला की प्रत्येकाच्या वाट्याची मेमरी अजून कमी, अजून वाट बघणं, सीपीयू अजून रिकामा, मग अजून एक जॉब आत. पीटर डेनिंगने १९६८ साली यावर वर्किंग सेटची मांडणी केली. प्रत्येक प्रोग्रॅमला गेल्या काही काळात जी पानं लागली तो त्याचा वर्किंग सेट, आणि सगळ्यांचे वर्किंग सेट मिळून रॅममधे मावत असतील तेवढेच प्रोग्रॅम चालू ठेवा, बाकीच्यांना बाहेर थांबवा. उपाय पन्नास-साठ वर्षं जुना आहे. फक्त आजच्या वेब सर्व्हरमधे किती जणांना आत घ्यायचं हे कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ठरवत नाही, कॉन्फिग फाईलमधला एक आकडा ठरवतो आणि तो आकडा माणूस लिहितो.

त्याने सीपीयूच्या ओळीतला अजून एकच आकडा वाचला असता तर कळलं असतं. त्याच ओळीत डब्ल्यूए म्हणून जो कॉलम असतो, डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, तो नव्वदच्या वर होता. रिकामा सीपीयू आणि ताटकळलेला सीपीयू यात फरक आहे.

भरीला शाखांमधून रिफ्रेश. पान येत नाही म्हटल्यावर मॅनेजर लोक एफ-फाईव्ह दाबणारच. पण ब्राउझरने जुनी विनंती सोडली तरी सर्व्हरवरचा जुना पीएचपी प्रोसेस चालूच राहतो, तो काहीतरी आउटपुट पाठवायला जाईपर्यंत त्याला पलीकडे कोणी नाही हे कळतच नाही, आणि हा रिपोर्ट आउटपुट देतो तो शेवटी. आणि पीएचपीची वेळेची मर्यादा? ती होती ३०० सेकंद. पण लिनक्सवर ती मर्यादा प्रोसेसने वापरलेला सीपीयूचा वेळ मोजते, पानाची वाट बघत झोपलेला वेळ त्यात धरतच नाही. म्हणजे पाऊण तास अडकलेल्या रिपोर्टच्या खात्यात जेमतेम काही सेकंद. काही शाखांचे दोन-दोन रिपोर्ट चालू, मिळून सोळाच्या आसपास, वर ऐंशी साधे वर्कर. एकूण मागणी साडेचौदा जीबी.

मी पोचलो तेव्हाची परिस्थिती

साडेपाच वाजलेले. डिस्कचा दिवा सतत पेटलेला. सर्व्हरच्या कीबोर्डवर युजरनेम टाकलं, पासवर्ड टाकला, आणि काही वेळाने उत्तर आलं की ६० सेकंदात लॉगिन झालं नाही म्हणून बंद करतोय. लॉगिनचा प्रोग्रॅम आणि शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम) डिस्कवरून आत यायलाच मिनिटाच्या वर लागत होतं. नवीन एसएसएच तर विषयच नाही. सुदैवाने त्या मुलाच्या लॅपटॉपवर आधीचं सेशन उघडं होतं, रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून. ते बंद करू नको एवढंच मी आधी सांगितलं. त्यात त्याने व्हीएमस्टॅट (मेमरी आणि डिस्कची हालचाल दाखवणारी कमांड) चालू ठेवलं होतं ही त्याची हुशारी. एसआय आणि एसओ, म्हणजे स्वॅपमधून आत येणारं आणि बाहेर जाणारं, दोन्ही कॉलम सतत हजारात. बी कॉलममधे, म्हणजे डिस्कसाठी अडकलेले प्रोसेस, साठच्या वर. लोड अ‍ॅव्हरेज नव्वद आणि मॅनेजर साहेबांना तोच आकडा बघून धसका बसलेला, पण लिनक्स लोडमधे असे अडकलेले प्रोसेसही मोजतो त्यामुळे तो आकडा सीपीयूबद्दल काहीच सांगत नव्हता.

सगळ्यांचा एक प्रश्न असतो, की मेमरी संपली तर ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपल्यावर एखादा प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग, का नाही धावला? कारण मेमरी संपलीच नव्हती. ८ रॅम आणि ८ स्वॅप मिळून १६, मागणी साडेचौदा. कर्नलला जागा मिळत होती, फक्त फार हळू मिळत होती, आणि पान मोकळं करता येतंय तोवर कर्नल कोणाला मारत नाही. मोठी स्वॅप आणि मंद डिस्क असली की मशीन मरत नाही, तासन् तास आचके देत बसतं.

समोर असलेले पर्याय

मॅनेजर साहेबांचं म्हणणं सरळ होतं, "बंद करून चालू करा की, एवढा काय विचार करताय?" एरवी मी पण तेच केलं असतं, पण मी मुलाला विचारलं की इनोडीबीचा (मायएसक्यूएलच्या साठवणीच्या भागाचा) लॉग दर कमिटला, म्हणजे नोंद पक्की होताना, डिस्कवर जातो का. तो जरा थांबून म्हणाला, "नाही सर, पोस्टिंग फास्ट व्हावं म्हणून दोनवर ठेवलंय." म्हणजे कमिट झाल्यावर नोंद ऑपरेटिंग सिस्टीमच्या ताब्यात जाते आणि डिस्कवर साधारण सेकंदाभराने. बटण दाबून मशीन पाडलं तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, आणि डिस्क एवढी तुंबलेली असताना तो सेकंद नक्की केवढा हे छातीठोकपणे कोण सांगणार. पावत्या लोकांच्या हातात गेलेल्या. म्हणून बटण बाद.

मुलाने सुचवलं स्वॅपऑफ, म्हणजे स्वॅप बंद करायची कमांड. त्याने स्वॅपमधली सहा-साडेसहा जीबी पानं रॅममधे परत आणायचा प्रयत्न झाला असता, जिथे मुळात जागा नाही. एकतर कमांड फसली असती नाहीतर ओओएम किलर धावला असता. आणि ओओएम किलर साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्याला पकडतो, इथे तो कोण? मायएसक्यूएल. याच कारणासाठी कीबोर्डवरून सिसआरक्यू आणि एफ दाबून ओओएम किलर हाताने बोलवायचा पर्यायही सोडला. ज्याला वाचवायचं त्यालाच तो आधी उडवणार.

राहिलं ते एकच, नवीन काम आत येणं थांबवायचं आणि आतले पीएचपी प्रोसेस मारायचे. डेटाबेसला हात लावायचा नाही.

काय केलं

आधी राउटरपासून स्विचकडे येणारी केबल काढली. फक्त तीच, कारण लॅपटॉप त्याच स्विचवर होता आणि ते सेशन टिकवायचं होतं. याला साहेबांचा विरोध होता, लोकं काउंटरवर उभी आहेत म्हणून, आणि तो बरोबरच होता. ३१ तारखेची वसुली ३१ च्याच तारखेत पडली नाही तर थकलेलं खातं एनपीएत जाऊ शकतं. पण सॉफ्टवेअरमधे डे-एन्ड (दिवसाचा हिशोब बंद) केल्याशिवाय कामकाजाची तारीख पुढे सरकत नव्हती. म्हणजे पावत्या हाताने फाडा, नोंदी रात्री करू, तारीख आजचीच पडेल. हे ऐकल्यावर साहेबांनी स्वतः शाखांना फोन लावले.

मग अपाची मारायचा. नेहमीचा सर्व्हिस थांबवायचा मार्ग घेतला नाही, कारण त्याला नवे प्रोग्रॅम डिस्कवरून लोड करावे लागले असते आणि डिस्कच तर अडकली होती. बॅश या शेलमधली किल ही कमांड शेलच्या आतच असते, वेगळा प्रोग्रॅम नाही. अपाचीच्या मुख्य प्रोसेसचा नंबर त्याच्या पिड फाईलमधे असतो, ती फाईल बॅशच्या स्वतःच्याच वाचण्याने वाचली आणि तो नंबर किलला दिला. ग्रेसफुल वगैरे नाही, ग्रेसफुल म्हणजे चालू रिपोर्ट संपेपर्यंत थांबणं आणि ते तर संपणारच नव्हते.

एंटर दाबल्यावर काहीच झालं नाही. मुलगा म्हणाला, "सर, परत एकदा मारू का?" म्हटलं थांब, अपाचीचा मुख्य प्रोसेस स्वतःच स्वॅपमधे गेलाय, त्याला सिग्नल ऐकायला आधी आत यायला पाहिजे. काही मिनिटं गेली. मग व्हीएमस्टॅटच्या ओळी एकदम पटापट सरकायला लागल्या, एसओ शून्यावर आला, आणि मोकळ्या मेमरीचा आकडा पायऱ्या-पायऱ्यांनी चढला.

एसआय मात्र अजून चालूच होता आणि मुलाला वाटलं अजून गडबड आहे. नव्हती. फक्त आत येतंय आणि बाहेर काही जात नाही म्हणजे मायएसक्यूएल आपली पानं परत घेतोय, ते होऊ द्यायचं. दोन्ही कॉलम एकत्र आणि सतत चालू असतील तर थ्रॅशिंग. हा फरक कळला तर अर्धी घबराट कमी होते.

पुढचा निर्णय आकड्याचा. रॅम तीच ८ जीबी. मायएसक्यूएल आणि सिस्टीमचे ५ वजा केले, फाईल कॅशला थोडी सोडली, उरले दोन-अडीच जीबी. त्यात दोन रिपोर्ट आणि पंचवीस-तीस साधे वर्कर बसतात. मर्यादा १५० वरून २५ केली, म्हणजे मूळ साठच्याही निम्म्याखाली. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. त्यांना एवढंच सांगितलं की बाहेर रांगेत थांबलेलं कनेक्शन मेमरी जवळजवळ खात नाही, आत घेतलेला वर्कर ४० एमबी खातो, आणि २५ जण झपाझप बाहेर पडले तर रांग दिसतच नाही. रिपोर्ट शाखांना बंद केले, ते हेड ऑफिसवरून एकामागून एक काढायचे आणि शाखेला पाठवायचे असं ठरलं. मग केबल परत लावली.

परिणाम

पोस्टिंग लगेच रोजच्यासारखं चालायला लागलं. हातपावत्यांच्या नोंदी, रिपोर्ट, तेरीज जुळवणं असं करत डे-एन्ड रात्री साडेअकराच्या पुढे झाला, एक नोंद हरवली नाही. एका रिपोर्टला एकटं सोडल्यावर तो दीड-दोन मिनिटात निघायचा. म्हणजे सगळ्या शाखांचे मिळून अर्ध्या तासाचं काम होतं जे दोन तास अडकून पडलं.

नंतर काय ठरलं

चेअरमन म्हणाले रॅम घ्या. घेतली, ३२ जीबी, आणि एसएसडी पण. पण मी आग्रह धरला की वर्करचा आकडा रॅमच्या प्रमाणात लगेच वाढवायचा नाही, कारण चुकीच्या रिपोर्टला मोठी रॅम म्हणजे तोच प्रकार थोडा उशिरा.

खरी सुधारणा त्या मुलाने केली. सगळ्या नोंदी एकदम उचलण्याऐवजी एकेक ओळ वाचत बेरीज करायची, आणि गटवार बेरजा शक्य तिथे डेटाबेसलाच करू द्यायच्या. रिपोर्ट साध्या पानाइतक्याच मेमरीत आला. माझ्या मते हे एकच काम आधी झालं असतं तर बाकीचं काही लिहायची वेळच आली नसती.

अपाचीच्या सर्व्हिसला सिस्टीमडीतून (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्रॅम) मेमरीची कमाल मर्यादा घातली, म्हणजे त्याच्या गटाने ती ओलांडली आणि पानं काढूनही भागलं नाही तर त्याच गटातला प्रोसेस मारला जातो, मायएसक्यूएल सुरक्षित. मायएसक्यूएलचा ओओएम अ‍ॅडजस्ट पण खाली नेला, म्हणजे ओओएम किलर सहसा त्याला धरत नाही. लॉग दर कमिटला डिस्कवर, एसएसडी आल्यावर हे परवडतं.

अर्लीओओएम (मेमरी पूर्ण संपायच्या आधीच प्रोसेस मारणारा प्रोग्रॅम) लावू का असं मुलाने विचारलं होतं. लावायला हरकत नाही, पण त्या दिवशी तो काही करणार नव्हता. त्याच्या मूळ सेटिंगप्रमाणे उपलब्ध रॅम आणि मोकळी स्वॅप दोन्ही दहा टक्क्यांच्या खाली गेल्यावर तो हलतो आणि आपली स्वॅप दीड जीबी मोकळी होती. किती मेमरी उरली हे बघून थ्रॅशिंग कळत नाही, कामं किती वेळ अडकून पडतात ते बघावं लागतं. कर्नल ४.२० पासून लिनक्समधे ते मोजतात, प्रोकमधल्या प्रेशर फोल्डरमधे मेमरी नावाची फाईल असते, त्यातली फुल ही ओळ सांगते की गेल्या दहा सेकंदात किती टक्के वेळ कामातले सगळेच प्रोसेस मेमरीसाठी खोळंबले होते. त्यावर एसएमएस अलर्ट लावलाय.

स्वॅप काढूनच टाका असाही एक सल्ला आला. मी ऐकला नाही. स्वॅप नसली तर कर्नल प्रोग्रॅमच्या कोडची पानं टाकून देतो, ती काय, फाईलमधून परत वाचता येतात. मग स्वॅपमधे एक बाइट न जाता तसंच थ्रॅशिंग होतं आणि एसआय-एसओ शून्य दिसतात, म्हणजे शोधणाऱ्याची अजूनच पंचाईत. २ जीबी स्वॅप ठेवली, डेटापासून वेगळ्या डिस्कवर, स्वॅपिनेस (कर्नलने स्वॅप किती सहज वापरायची तो आकडा) ६० वरून १० केला.

वेगळं काय करता आलं असतं

साडेचारला, म्हणजे मर्यादा १५० करायच्या आधी, व्हीएमस्टॅटच्या दोन ओळी बघून ती ६० ची ३० केली असती आणि चालू रिपोर्ट मारले असते तर शाखांना दहा मिनिटांपलीकडे काही जाणवलं नसतं. त्या क्षणी मशीन अजून ऐकत होतं.

दुसरं, मार्च एन्डची रंगीत तालीम. फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी सगळ्या शाखांनी एकाच वेळी तेरीज काढून बघायची, एवढंच.

केबल काढायच्या निर्णयाबद्दल मात्र अजून वाद आहे. मुलाचं म्हणणं, राउटरवर फक्त रिपोर्टचा पत्ता अडवता आला असता, पोस्टिंग चालू राहिलं असतं. राउटर साधा होता, ते जमलं असतं असं मला वाटत नाही, आणि अपाची मारणार म्हटल्यावर पोस्टिंग कसंही थांबणारच होतं. पण अपाचीच्या पुढे एखादा छोटा प्रॉक्सी (विनंत्या आधी घेऊन पुढे पाठवणारा प्रोग्रॅम) असता तर त्याचं बरोबर आहे, रिपोर्टला वेगळी रांग आणि पोस्टिंगला वेगळी ठेवता आली असती. ते काम त्यांच्या यादीत आहे, अजून झालेलं नाही. डेटाबेस वेगळ्या मशीनवर न्यायचं पण चाललंय, त्याचं कोटेशन संचालक मंडळाच्या पुढच्या मीटिंगला जाणार आहे.